टॅरंटहून हॉलिस

सोमवारी दुपारी चार वाजून बावीस मिनिटांनी स्वयंपाकघरातला रेडिओ एकाएकी गप्प झाला, आणि हॉलिस टिडमोरला आधी वाटलं की वीज गेली. पण फ्रिज गुरगुरत होता. मग वाटलं, आपले कानच गेले. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या शरीरातून एकेक गोष्ट न विचारता उठून निघून गेली होती; उजवा हात, उजव्या पायाचा अर्धा जोर, जिभेवरचे झाडून सगळे शब्द. आता कानांनीही गाशा गुंडाळला असेल तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण सिंकपाशी विलोडीन, त्याची बायको, संध्याकाळसाठी घेवड्याचे दाणे निवडत होती आणि एकेक दाणा पातेल्यात पडल्याचं त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे कान शाबूत होते. रेडिओच गप्प होता, आणि मुद्दाम गप्प होता. अलाबामात जिथे जिथे म्हणून हा कार्यक्रम लागलेला होता, न्हाव्याच्या दुकानात, ट्रकच्या केबिनमध्ये, टायरवाल्याकडे, तिथे तिथे लोक एक मिनिट शांत उभे होते. कारण हॉलिस वारला होता. हॉलिसने डाव्या हातातला गोड चहाचा ग्लास हळूच टेबलावर टेकवला, आवाज होऊ नये म्हणून.

या प्रकाराला एका अर्थी तो स्वतःच जबाबदार होता. ‘सोमवारचा कट्टा’ बर्मिंगहॅमहून चार ते सहा चालतो. रस्टी पेनिंग्टन फोन घेतो, आणि शनिवारी खेचरांनी मैदानावर काय दिवे लावले यावर लोक तावातावाने बोलतात. खेचरं म्हणजे कॉलेजचा संघ, चेंडू पोटाशी धरून पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा. शेतकी कॉलेज होतं तेव्हापासूनचं नाव, आणि ते मान वर करून मिरवायचं असतं. या कट्ट्यावर कुणाला आडनाव नसतं. बेसिमरहून अर्थलीन, कलमनहून डेल्मर, टॅरंटहून हॉलिस; गाव आणि नाव, बस. हॉलिस बावीस वर्षं दर सोमवारी फोन करत होता, आणि गेली अकरा वर्षं दर नोव्हेंबरच्या शेवटी, पेलिकनांनी, म्हणजे कट्टर वैरी संघाने, खेचरांना पुन्हा एकदा लोळवल्यानंतरच्या सोमवारी, तो एकच शपथ घेत आला होता. “रस्टी, लिहून ठेव. ज्या वर्षी आपण या मासेखाऊंना हरवू, त्या सोमवारी पहिला फोन माझा. पहिला फोन माझा नसला, तर खुशाल समज की हॉलिस गेला.” परवाच्या शनिवारी खेचरांनी पेलिकनांना वीस-सतराने हरवलं होतं.

रस्टीने आज चार वाजता पहिली लाईन मोकळी ठेवली. तो म्हणाला, “मंडळी, सगळ्यांना बोलायचंय, मला ठाऊक आहे. पण पहिला मान कुणाचा ते तुम्हाला सांगायला नको. गड्याने सबंध मोसमात फोन केलेला नाही. रुसला असेल. पण आज करणार. थांबू या.” मग त्याने बँडची धून लावली. धून संपली. पुन्हा लावली. हॉलिस खुर्चीत बसून भिंतीवरच्या फोनकडे बघत होता. त्याच्या खुर्चीपासून फोन चार पावलांवर होता, क्रीम रंगाचा, वेटोळी वायर जमिनीपर्यंत लोंबणारा. विलोडीनही एकदा त्या फोनकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघून पुन्हा दाण्यांकडे वळली होती. सव्वाचारला रस्टीने धून बंद केली आणि कलमनहून डेल्मरचा फोन घेतला.

“रस्टी, कुणीतरी बोलायलाच पाहिजे,” डेल्मर म्हणाला. “माझ्यावर आली पाळी. आपण पेलिकनांना हरवलं, आणि हॉलिसचा फोन नाही.”

“डेल्मर, गावाला गेला असेल.”

“गावाला? अरे, त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने दवाखान्यातून फोन केला होता. मागून नर्स ओरडत होती, तू ऐकलीस, मी ऐकली. तो माणूस आज जिवंत असता तर त्याने फोन केला असता की नसता? एवढंच सांग.”

रस्टी म्हणाला, “केला असता.”

झालं. इतक्यावर निकाल लागला. आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं, पत्ता कुणाकडे नव्हता, आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही, कारण त्या लोकांच्या हिशेबात याहून पक्का पुरावा असूच शकत नव्हता. गंमत म्हणजे हॉलिसलाही तो पटला. तो डेल्मरच्या जागी असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

ते एक मिनिट फार लांबलं. मेणकापडावर उतरत्या उन्हाचा एक तुकडा पडला होता आणि खिडकीबाहेरच्या पेकनच्या झाडाची सावली त्यात हलत होती. आपण गेलो, असं त्याने मनातल्या मनात म्हणून बघितलं. वाक्य सुरेख जमलं. मनात सगळी वाक्यं जमत होती, हेच तर दुखणं होतं. आत शब्द जसेच्या तसे होते, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या हत्यारांसारखे, प्रत्येक आपापल्या जागी. फक्त गॅरेजचं दार उघडत नव्हतं. तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडे. मंगळवार. का मंगळवार, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. दर बुधवारी एक मुलगी त्याला बोलतं करायला येऊन चित्रं दाखवायची. कप. मंगळवार. खुर्ची. मंगळवार. ती गोड मुलगी होती, “वा, छान प्रयत्न, मिस्टर टिडमोर,” असं म्हणायची, आणि ती गेल्यावर हॉलिस तासभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. भेटायला येणारे लोक त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं, आणि मग विलोडीनकडे वळून हळू आवाजात विचारायचे, “कळतं का हो त्याला?” त्या लोकांपेक्षा ही रेडिओवरची शांतता किती बरी होती. त्या शांततेत जो हॉलिस मेला होता, तो धडधाकट होता. नव्वद सेकंदांत पेलिकनांची सालटी काढणारा होता. हॉलिसला त्याचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही.

मिनिट संपलं. रस्टी म्हणाला, “मिस अर्थलीन, बेसिमर.”

“रस्टी बाळा,” मिस अर्थलीन म्हणाली. “मी त्या माणसाला उभ्या जन्मात पाहिलं नाही. काळा की गोरा, तेसुद्धा ठाऊक नाही मला. पण माझा ओटिस गेला ना, त्या सोमवारी यानं फोन केला आणि म्हणाला, मिस अर्थलीन ऐकत असतील तर त्यांना सांगा, कट्ट्यावरची ओटिसची जागा आम्ही कुणाला देणार नाही. एवढंच म्हणाला. मी स्टोव्हपाशी उभी होते. मी तिथेच बसले खाली, जमिनीवर.”

हॉलिसला ते आठवत नव्हतं. विलोडीनने मात्र दाणे निवडायचे थांबवले. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि ती तडक फोनकडे निघाली. हॉलिसच्या खुर्चीजवळून जावं लागत होतं. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

“मंगळवार,” तो म्हणाला.

“काय मंगळवार मंगळवार!” विलोडीन म्हणाली. “माझा नवरा माझ्यासमोर बसून चहा ढोसतोय आणि लोक त्याच्यासाठी रडतायत. त्या बाईला काय वाटत असेल? सोड मला.”

त्याने मान हलवली. नाही.

“हॉलिस, हे पाप आहे.”

नाही.

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला जे दिसलं त्याने ती जरा गडबडली. मार्चनंतर प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. मनगट त्याने सोडलं नाही.

कसं सांगणार तो तिला? तिने फोन केला असता, की बाबांनो, तो जिवंत आहे, पण. त्या ‘पण’नंतर जे आलं असतं ते त्याला नको होतं. बिचारा हॉलिस. देवाची इच्छा. लवकर बरा हो. आणि मग पुढचा फोन, दुसरा विषय, पुढच्या वर्षीचा क्वार्टरबॅक कोण. तो उरला असता अर्धवट, ना इकडचा ना तिकडचा, आणि कट्ट्यावर अर्धवट माणसाला जागा नसते. तिथे आवाज असतो नाहीतर नसतो. तीस वर्षं तो पाइपांच्या फाउंड्रीत होता. तिथे गोंगाट इतका की माणसं बोटांनी बोलत, पाच बोटं म्हणजे भट्टी तयार, मूठ म्हणजे थांब, आणि कानात बोळे घालून आठ तास आपल्याच डोक्यात राहत. सोमवारी लवकरची पाळी मागून घेऊन तो घरी यायचा, आंघोळ करायचा, धुतलेला शर्ट घालायचा. फोनवर बोलायला धुतलेला शर्ट! विलोडीन हसायची. मग तो फोनपाशी उभा राहायचा, एक हात भिंतीला टेकवून, आणि म्हणायचा, “चालू करतो.” तशी ती स्वयंपाकघरातला रेडिओ बारीक करायची, कारण रेडिओवर सगळं सात सेकंद उशिरा ऐकू येतं आणि आपलाच आवाज मागून यायला लागला की माणूस अडखळतो. बावीस वर्षं ते बटण तिचं होतं. त्याचा भाग आटोपशीर असे. मुद्दा, एक टोमणा, एक प्रश्न, आणि शेवटी सगळेच म्हणतात ते वाक्य, पण हॉलिसचं म्हणणं वेगळं होतं. “बरं. फोन ठेवतो.” मग एवढासा थांबा, जणू दारात वळून बघितलं. “ऐकतो.” दुसरे लोक फोन ठेवतो म्हणून पुढे दहा मिनिटं दळण दळत. हॉलिस खरंच ठेवायचा. विलोडीन रेडिओ मोठा करायची, आणि रस्टीचं उत्तर तो डोळे मिटून ऐकायचा. दिवसभरातला सगळ्यात सुखाचा भाग तोच होता. बोलणं नव्हे, त्याच्यानंतरचं ऐकणं.

तेव्हा मेल्यावरही आता तो तेच करत होता. डोळे मिटून ऐकत होता. डेकेटरहून कुणीतरी म्हणालं की पुढच्या मोसमातला पहिला सामना हॉलिसला वाहायचा. कुणी त्याची नक्कल केली, ती अगदीच टुकार होती. कुणी म्हणालं की आपली बचावफळी कुठे कच्ची आहे ते हॉलिसने सप्टेंबरातच सांगितलं असतं, आणि हॉलिसने मनात म्हटलं, सांगितलंच असतं, दुसऱ्याच सामन्यात दिसलं होतं मला. उन्हाचा तुकडा मेणकापडावरून सरकून त्याच्या मांडीवर आला. मुका उजवा हात उबदार झाला. झोप आणि जाग यांच्यामध्ये कुठेतरी त्याला वाटलं की हे असंच चालू राहावं, सहा वाजूच नयेत, आणि आपण असेच सगळ्यांच्या तोंडी थोडे थोडे वाटले जावे. ज्या मरणाची त्याला धास्ती होती, त्याचं हे रूप असेल तर काय वाईट होतं?

“मोबीलहून जार्विस,” रस्टी म्हणाला, आणि हॉलिसचे डोळे उघडले.

जार्विस पेलिकनवाला. बावीस वर्षांतला एकही सोमवार असा गेला नसेल की या दोघांनी एकमेकांची खरडपट्टी काढली नाही. जार्विस त्याला ‘अर्धगाढव’ म्हणायचा. हॉलिस म्हणायचा, जार्विसच्या टीमला चोच मोठी आणि पोट लहान. आज जार्विसचा आवाज मऊ होता, आणि ते हॉलिसला अजिबात आवडलं नाही.

“रस्टी, मला ठाऊक आहे, आज तुमच्याकडे माझा आवाज कुणाला ऐकायचा नाही. शनिवारी हरलो तेव्हा मी बायकोला म्हटलं, सोमवारी तो थेरडा मला सोलून काढणार. मी सकाळपासून तयारी करून बसलोय. चार उत्तरं कागदावर लिहिलीत. चारही झकास आहेत.” तो थांबला. “आता ती कुणाला देऊ?”

“मला दे,” रस्टी म्हणाला.

“तुला देऊन काय करू? तू हसशील. तो चिडला असता.” जार्विसने नाक ओढलं. “बरं, ऐक. मला एक कबूल करायचंय. तो गुडघा.”

विलोडीनने श्वास आत ओढला. हॉलिसची तिच्या मनगटावरची पकड घट्ट झाली.

गुडघा या राज्यात एकच. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सामन्यात शेवटच्या क्षणी पेलिकन खेचरांच्या गोलरेषेपासून हातभर अंतरावर होते. त्यांचा गडी चेंडू पोटाशी धरून ढिगाऱ्यात घुसला. तो पडता पडता रेषेपलीकडे गेला, यात वाद नाही. पण त्याआधी त्याचा गुडघा जमिनीला टेकला का? टेकला असेल, तर चेंडू तिथेच थांबला आणि खेचरं जिंकली. पंचाने टेकला म्हणून निकाल दिला. टीव्हीच्या चित्रात नुसती पाठमोरी माणसं दिसतात. पेलिकनवाले चाळीस वर्षं म्हणत आले, चोरी. आणि हॉलिस चाळीस वर्षं म्हणत आला, “मी मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला होतो, त्याच रेषेमागे. पहिल्या ओळींत. मी या डोळ्यांनी पाहिला. डावा गुडघा. टेकला तेव्हा चुन्याची भुकटी उडाली.”

“मी घरी टीव्हीवर बघत होतो,” जार्विस म्हणत होता. “मला काय दिसणार? तो तिथे होता. जो माणूस तिथे होता त्याचं खरं धरायला पाहिजे. एवढी वर्षं मी हट्टाने नाही म्हणालो. आज म्हणतो. टेकला होता. हॉलिस खरं बोलत होता. एवढंच. देव त्याचं भलं करो.”

“जार्विस, तू लाईनवर थांब,” रस्टी म्हणाला.

हॉलिस खुर्चीत ताठ बसला होता. सगळी झोप उडाली होती. उत्तरेच्या टोकाला तो होता, हे खरं. लाकडी फळ्यांच्या ओळी, बोचरी थंडी, कुणाच्यातरी कोटातून येणारा व्हिस्कीचा वास. शेजारी विलोडीन, तेव्हाची विलोडीन प्रुएट, तिच्याबरोबरची तिसरीच भेट. तिच्या मावशीने विणलेले लाल हातमोजे तिने घातले होते. एक काढून ती नाक पुसत होती आणि तो फळ्यांच्या फटीतून खाली पडला. ती कळवळली, “अगंबाई, मावशी मला मारेल!” आणि हॉलिस पोटावर आडवा झाला. फटीतून खांद्यापर्यंत हात घातला. खाली अंधार, शेंगांची टरफलं, कुणाच्यातरी बुटाचं नाक. बोटांना लोकर लागली, सुटली, पुन्हा लागली. वर जगबुडी झाल्यासारखा आवाज झाला. तो हातमोजा घेऊन उठला तेव्हा माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती आणि पंच दोन्ही हात आडवे हलवून नाही म्हणत होता. परतताना गाडीत विलोडीनने विचारलं, “शेवटी झालं काय? मला माणसांच्या पाठी दिसल्या नुसत्या.” तो म्हणाला, “गुडघा टेकला. मी पाहिला.” तिने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते मागे घेणं शक्यच नव्हतं. डावा गुडघा पुढच्या वर्षी आला. चुन्याची भुकटी रेडिओवर आली, वीसेक वर्षांनी. नंतर नंतर त्यालाही ती दिसायला लागली होती, पांढरी, हळूच वर उडून थांबलेली.

आणि आता जार्विसने हार मानली होती. ती भांडून मिळाली असती तर गोष्ट वेगळी, पण एका मेलेल्या माणसाची दया येऊन त्याने हार मानली होती, आणि तीही एका थापेपुढे. घरी टीव्हीसमोर बसून, जे दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणणारा तो एकटा प्रामाणिक माणूस. उद्यापासून सगळ्या राज्यात कुणीही नाही म्हणणार नव्हतं. असं मरणं त्याला मान्य नव्हतं. मेलेल्या माणसाला थाप मागे घेता येत नाही. त्याने विलोडीनचं मनगट सोडलं आणि डावा हात उचलून भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं.

“आता?” ती म्हणाली.

“मंगळवार!” तो ओरडला. “मंगळवार, मंगळवार!”

तिने नंबर फिरवला. तो तिला पाठ होता हे हॉलिसला आज कळलं. लाईन लागेपर्यंत ती भिंतीकडे बघत होती आणि भिंतीकडे बघतच म्हणाली, “तू वाकला होतास, हॉलिस. मला ठाऊक आहे. माझाच तर हातमोजा होता.” हॉलिस तिच्याकडे बघत राहिला. एक्केचाळीस वर्षं! किती सोमवारी ती याच सिंकपाशी उभी होती, तो चुन्याच्या भुकटीचं सांगत असताना. एकदाही वळली नव्हती. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले, आणि हसूही आलं.

पलीकडे फोन उचलणाऱ्या बाईने विचारलं, “कोण, कुठून?”

“टॅरंटहून हॉलिस,” विलोडीन म्हणाली.

“बाई, आजच्या दिवशी तरी असली थट्टा करू नका. शोभत नाही.”

“मला शोभेचं सांगू नकोस. मी त्याची बायको आहे. बावीस वर्षं त्याच्यासाठी हा रेडिओ बारीक करत आलेय. त्याला झटका आलाय, मेला नाहीये. लाव फोन.”

मग बाई बारीक आवाजात म्हणाली, “थांबा. आणि रेडिओ बारीक करा.”

विलोडीनने त्याला उठवलं, चार पावलं चालवलं, भिंतीशी उभं केलं. खांदा भिंतीला टेकवून त्याने रिसीव्हर डाव्या कानाला लावला. उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला, त्यामुळे रेडिओचं बटण राहून गेलं. फोनमध्ये रस्टी बोलत होता आणि सात सेकंदांनी तेच टेबलावरचा रेडिओ बोलत होता. फोनमध्ये जे घडून गेलं ते स्वयंपाकघरात अजून घडायचं होतं. एका कानात रस्टी म्हणाला, “थांबा, मंडळी, थांबा, मला इथे काचेपलीकडून कुणीतरी काहीतरी दाखवतंय.” दुसऱ्या कानात तो अजून शांतपणे हॉलिसच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होता.

“लाईन एक,” रस्टी म्हणाला. “टॅरंटहून...” त्याला पुढचं म्हणवेना. “कोण आहे?”

हॉलिसचं वाक्य तयार होतं. जार्विस, मी पाहिलं नव्हतं. मी हातमोजा शोधत होतो. सगळे शब्द जागच्या जागी होते, त्याने एकेकाला हात लावून बघितलं. तोंड उघडलं. आणि त्याला जिभेवर तो दुसरा येताना जाणवला, ‘मं’, ओठ मिटायलाच लागले. तो बाहेर पडला असता तर सगळ्या अलाबामाला वाटलं असतं की कुणी दारू पिऊन फोन केलाय. त्याने दात दाबून धरले. नुसता श्वास जात राहिला फोनमध्ये.

“हॅलो? हे बघा, कुणी थट्टा करत असेल तर,” रस्टीचा आवाज कडक झाला, “माणूस गेलाय आमचा. बोला, नाहीतर मी कापतोय.”

विलोडीनने त्याचा उजवा हात घट्ट दाबला. हॉलिसने हार मानली. जार्विसला सांगायचं राहिलंच, असं त्याच्या मनात आलं, आणि तो मनातल्या मनात दारापर्यंत पोचून परत वळला.

“बरं,” त्याच्या तोंडून आलं. “फोन ठेवतो.”

एवढासा थांबा.

“ऐकतो.”

आणि त्याने खरंच ठेवला. जिभेमागोमाग हातही बावीस वर्षांच्या सवयीने आपोआप गेला, रिसीव्हर आकड्यावर बसला. मग त्याला कळलं की काय झालं. तो विलोडीनकडे बघत होता आणि विलोडीन त्याच्या तोंडाकडे, जणू तिथून आणखी काही पडेल. दोघांमधलं कुणी हललं नाही. टेबलावर रेडिओ म्हणत होता, “बोला, नाहीतर मी कापतोय.” त्यानंतर एका माणसाचा श्वास. दमलेला, जवळचा. हॉलिस त्या माणसासाठी मनापासून घाबरला. जमेल का याला? आणि मग सबंध राज्याबरोबर त्यालाही तो आवाज ऐकू आला. पातळ झालेला, एका बाजूने घसरणारा, पण मधला थांबा तोच, एवढासा, दारात वळून बघितल्यासारखा. बरं. फोन ठेवतो. ऐकतो.

रेडिओवर पुन्हा शांतता पसरली. ही शांतता आधीच्यापेक्षा छोटी होती आणि तिच्यात कुणाचीतरी खुर्ची पडल्याचा आवाज होता.

“नव्हता टेकला!” जार्विस किंचाळला. “रस्टी, मी शब्द परत घेतो! सगळे! ऐकतोयस का रे, अर्धगाढवा? नव्हता टेकला गुडघा! कधीच नव्हता टेकला! चोर आहात तुम्ही! कागद कुठाय माझा, कागद...” त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

विलोडीनचा हात सवयीने रेडिओच्या बटणाकडे गेला होता. हॉलिस भिंतीला टेकून उभा होता. नव्हता टेकला, अगदी बरोबर. त्याने जोरात मान डोलावली.

“मंगळवार,” तो म्हणाला.

“कळलं,” विलोडीन म्हणाली, आणि तिने आवाज मोठा केला.